विश्लेषण : घरच्या घरी क्ले अ‍ॅनिमेशन, साहित्य काय लागते, सेट कसा उभारायचा?

मोबाइलमध्ये एक अ‍ॅप, हातात मातीचा गोळा आणि सुट्टीचे चार दिवस एवढ्यावर क्ले अ‍ॅनिमेशनचा छोटा चित्रपट घरी बनवता येतो. शाळकरी मुले, कला महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि हौशी पालक असे सगळेच हा प्रयोग करून पाहतात. मात्र अनेक प्रयत्न दुसऱ्याच दिवशी सोडून दिले जातात. बाहुली छान झालेली असते, गोष्टही सुचलेली असते. पण काढलेली छायाचित्रे सलग चालवून पाहिली की पडद्यावर सगळेच थरथरताना दिसते. भिंत हलते, उजेड लुकलुकतो, बाहुली मध्येच दोन बोटे सरकते. यात महागड्या कॅमेऱ्याच्या अभावाचा दोष क्वचितच असतो. जी गोष्ट हलू नये ती जागेवर घट्ट ठेवलेली नसते, हे खरे कारण. त्यामुळे साहित्य घेताना आणि सेट उभारताना कशाकडे लक्ष द्यायचे, खर्च कुठे करायचा आणि कुठे टाळायचा, हे आधीच समजून घेतलेले बरे.

क्ले अ‍ॅनिमेशन म्हणजे नेमके काय?

मातीची बाहुली किंचित हलवायची, छायाचित्र काढायचे, पुन्हा किंचित हलवायची, पुन्हा छायाचित्र काढायचे. ही छायाचित्रे वेगाने एकापाठोपाठ एक दाखवली की बाहुली स्वतःहून हालचाल करते असा भास होतो. या तंत्राला स्टॉप मोशन म्हणतात आणि बाहुली मातीची असली की त्यालाच क्ले अ‍ॅनिमेशन म्हटले जाते. ‘क्लेमेशन’ हा रूढ झालेला शब्द अमेरिकी अ‍ॅनिमेटर विल विंटन यांच्यामुळे प्रसिद्ध झाला. बॉब गार्डिनर यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये केलेल्या ‘क्लोज्ड मंडेज’ या लघुपटाला ऑस्कर मिळाले होते.

चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. अ‍ॅनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एकच चित्र दोनदा वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ छायाचित्रे पुरतात. नवशिक्यांसाठी हाच वेग योग्य. दहा सेकंदांच्या चित्रपटाला १२० छायाचित्रे आणि एका मिनिटाला ७२० छायाचित्रे असा हा हिशेब आहे. एका छायाचित्राला दीड मिनिट धरले तरी दहा सेकंदांसाठी सलग तीन तास लागतात. या तीन तासांत बाहुलीखेरीज काहीही हलता कामा नये. पुढची सगळी तयारी या एका अटीसाठी आहे.

आपल्याकडे हे तंत्र कधीपासून?

मातीची बाहुली नसली तरी एकेक चित्र टिपून हालचाल दाखवण्याचा प्रयोग मराठी माणसाला नवा नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ हा छोटा पट केला. कुंडीत वाटाण्याचे बी लावले, कॅमेरा कुंडीसमोर रोखून ठेवला आणि ठरावीक अंतराने चित्रे टिपली. पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसले. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काडेपेटीच्या काड्या नाचवल्या. कॅमेरा स्थिर आणि वस्तू हलती, हे सूत्र तेव्हाही तेच होते.

मातीच्या बाहुल्या जगभर घरोघरी पोहोचल्या त्या ब्रिटनमधील ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओमुळे. १९७७ मध्ये बीबीसीवर आलेला त्यांचा ‘मॉर्फ’ हा मातीचा छोटा माणूस आणि निक पार्क यांनी १९८९ मध्ये पडद्यावर आणलेली ‘वॉलेस अँड ग्रॉमिट’ ही जोडी आजही लोकप्रिय आहे. भारतात ‘तारे जमीं पर’ (२००७) या चित्रपटातील धीमंत व्यास यांचे क्ले अ‍ॅनिमेशन अनेकांना आठवत असेल. मुंबईतील स्टुडिओ इकसॉरस या संस्थेने सुरेश एरियत यांच्या दिग्दर्शनाखाली केलेला ‘टोकरी’ हा लघुपटही याच तंत्राचा. मुंबईतल्या एका बापलेकीची ही गोष्ट हातांनी घडवलेल्या बाहुल्या आणि सेट वापरून चित्रित झाली आहे.

साहित्य घेण्याआधी काय ठरवावे?

गोष्ट. तीही अगदी छोटी. बाहुलीला चालायला लावणे हे या तंत्रातले सर्वांत अवघड काम आहे, कारण प्रत्येक पावलाला सगळे वजन एका पायावर येते आणि बाहुली पडते. पहिल्या प्रयत्नात चालणे टाळले तर निम्म्या अडचणी येतच नाहीत.

उदाहरण म्हणून चहाची टपरी घेऊ. टपरीच्या फळीमागे चहावाला उभा आहे. तो पातेल्यात डाव फिरवतो, वाफ वर जाते, तो ग्लास पुढे सरकवतो आणि समोर बघून हसतो. एवढ्याने दहा सेकंद सहज भरतात. चहावाला फळीमागे असल्याने त्याला पाय करण्याचीच गरज नाही. कमरेपर्यंतचे धड एका लाकडी ठोकळ्यावर पक्के बसवले की काम झाले. दुकानदार, खिडकीतली आजी, रिक्षात बसलेला चालक, बाकावरचा विद्यार्थी या पात्रांनाही हीच सोय लागू होते.

गोष्ट ठरली की कागदावर सहा ते आठ चौकटी आखून प्रसंग काढावा. चौकटीत जे दिसते तेवढेच बांधायचे. नाहीतर सगळा उत्साह पडद्यावर न दिसणाऱ्या मागच्या खोलीत खर्च होतो.

कोणती माती घ्यावी?

खरेदीत सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. दुकानात ‘क्ले’ या एकाच नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी मिळतात.

तेलमिश्रित माती : हिच्यात पाण्याऐवजी तेल आणि मेण असल्याने ती वाळत नाही. तीन तासांनीही हात तितक्याच सहज वाकतो. क्ले अ‍ॅनिमेशनसाठी हीच हवी. विल्यम हार्बट या कलाशिक्षकाने १८९७ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे बनवलेली प्लास्टिसिन ही याच प्रकारातली. पाकिटावर ‘नॉन ड्राइंग’ किंवा ‘न वाळणारी’ असे लिहिले आहे का, ते पाहावे.

हवेत वाळणारी माती : हिला ‘एअर ड्राय’ म्हणतात. काही तासांत कडक होते. बाहुलीसाठी निरुपयोगी, पण पातेले, कुंडी, बरणी अशा न वाकणाऱ्या वस्तूंसाठी चांगली.

पॉलिमर क्ले : ही ओव्हनमध्ये भाजून कडक करतात. डोळे, दात, बटणे अशा बारीक भागांसाठी ती उपयोगी पडते. तेलमिश्रित माती मात्र ओव्हनमध्ये कधीही ठेवू नये; ती वितळते.

शाडू : गणपतीमुळे घराघरात ओळखीची. ती पाण्याची असल्याने वाळते आणि वाकवली की तडकते. त्यामुळे बाहुलीला नको. सेटवरचे दगड, ओटा, डोंगर यांना उत्तम.

साधारण १५ सेंटीमीटर उंचीच्या पूर्ण बाहुलीला दोनशे ते अडीचशे ग्रॅम माती लागते. कमरेपर्यंतच्या बाहुलीला त्याहून कमी. तरीही प्रत्येक मुख्य रंगाची माती जास्त घेऊन ठेवावी. चित्रण चालू असताना रंग संपला आणि दुसरे पाकीट थोड्या वेगळ्या छटेचे निघाले, तर चहावाल्याचा शर्ट मध्येच बदललेला दिसतो. त्वचेचा रंग स्वतः मिसळणार असाल तर तो एकदाच आणि भरपूर मिसळावा.

रंगांबाबत आणखी एक सवय लावून घ्यावी. कामाची सुरुवात पांढऱ्यापासून करावी आणि काळा रंग शेवटी हातात घ्यावा. पांढरी माती धूळ, धागे आणि बोटांवरचा आधीचा रंग लगेच उचलते. प्रत्येक रंगानंतर ओल्या टिश्यूने हात पुसावेत. बोटांचे ठसे मात्र पूर्ण घालवण्याचा अट्टहास नको. आर्डमनच्या चित्रपटांतही ते दिसतात आणि हाताने बनवल्याची खूण म्हणून ते लोकांना आवडतात.

बाहुलीच्या आत काय असते?

नुसत्या मातीचा हात उचलून धरला तर काही मिनिटांतच तो खाली येऊ लागतो. म्हणून आत तारेचा सांगाडा लागतो. इंग्रजीत त्याला आर्मेचर म्हणतात. घरगुती कामासाठी एक ते दीड मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार सर्वांत सोयीची. रोपवाटिकेत बोन्सायसाठी मिळणारी तार हीच असते. पोलादी तार वाकवून सोडली की थोडी मागे येते, त्यामुळे बाहुली जिथे ठेवली तिथे राहत नाही. तांब्याची तार सुरुवातीला मऊ असते. पण पुन्हा पुन्हा वाकवली की त्याच जागी कडक होत जाते. मऊ अ‍ॅल्युमिनियम जवळपास ठेवले तिथेच राहते.

तार दुमडून दुहेरी करावी आणि पीळ द्यावा. एक टोक खिळ्याला अडकवून दुसरे ड्रिल मशीनमध्ये धरले तर पीळ एकसारखा बसतो. छाती, कंबर आणि डोके या न वाकणाऱ्या भागांवर एम-सील लावून घट्ट करावे. त्यामुळे कोपर, खांदा, मान अशा ठरलेल्या जागीच तार वाकते. गुळगुळीत तारेवरून माती घसरते, म्हणून तिच्यावर सुती दोरा किंवा कापडी टेप गुंडाळावी. पोटाच्या जागी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गोळा भरला तर माती वाचते आणि वजनही कमी होते. वजन कमी म्हणजे हात खाली येण्याचा धोकाही कमी.

अ‍ॅल्युमिनियमची तार एकाच जागी बरेचदा वाकवली की शेवटी तुटते. त्यामुळे मनगट आणि कोपर असलेला एक सुटा हात आधीच करून ठेवावा. चित्रण अर्ध्यावर असताना सांगाडा नव्याने करण्यापेक्षा हे केव्हाही परवडते.

डोळ्यांसाठी भोक असलेले पांढरे मणी वापरावेत. भोक हीच बाहुली समजायची. त्यात टाचणीचे टोक घालून मणी फिरवला की चेहरा न बिघडवता नजर वळवता येते. पापण्या आणि तोंड यांचे तीन-चार वेगवेगळे आकार आधी करून एका डबीत ठेवावेत आणि गरजेप्रमाणे बदलावेत.

सेटचा पाया कसा असावा?

दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना सेट बांधणे शिकवावे लागत नाही. दगड, विटा, पोती, माती यांतून डोंगर कसा उभा करायचा हे त्यांना ठाऊक असते. फरक एवढाच, की किल्ला चारही बाजूंनी पाहिला जातो आणि चित्रपटाचा सेट फक्त कॅमेऱ्याच्या बाजूने. त्यामुळे पुढची बाजू उघडी ठेवायची, बाजूच्या भिंती काढता-घालता येतील अशा करायच्या आणि आपला हात बाहुलीपर्यंत काहीही न धक्का लागता पोहोचला पाहिजे, हे सर्वांत आधी पाहायचे.

पायासाठी १२ मिलिमीटर जाडीचा, साधारण दोन बाय तीन फुटांचा प्लायवुडचा तुकडा सुताराकडून कापून आणावा. टपरीसारख्या लहान सेटला जुना लाकडी पाटही चालतो. पुठ्ठा पाया म्हणून वापरू नये. हाताचा भार पडला की तो दबतो. हा पाया टेबलावर नुसता ठेवणे पुरेसे नाही. दोन सी-क्लॅम्प लावून तो टेबलाला घट्ट आवळावा. क्लॅम्प नसतील तर मागच्या कोपऱ्यांवर दोन विटा ठेवाव्यात. टेबल डुगडुगत असेल तर पायाखाली घडी घातलेला कागद सारण्याऐवजी ते भिंतीला टेकवून पक्के करावे किंवा दुसरे टेबल घ्यावे. टेबलाची उंची अशी असावी की तीन तास वाकून उभे राहावे लागणार नाही. पाठ दुखू लागली की माणूस टेबलाला रेलतो आणि सेट हलतो.

बाहुली पूर्ण उंचीची असेल तर तिचे पाय जमिनीला बांधावे लागतात. त्यासाठी तीन उपाय आहेत. पहिला, पायाच्या तारेत छोटा नट एम-सीलने बसवून प्लायवुडला खालून भोक पाडायचे आणि स्क्रू आवळायचा. हा सर्वांत पक्का उपाय. दुसरा, सेटची जमीन पातळ जीआय पत्र्याची करून पायात छोटे चुंबक बसवायचे. पत्रा घेताना चुंबक लावून बघावा. स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच प्रकारांना चुंबक चिकटत नाही. तिसरा, जमीन सॉफ्ट बोर्डची ठेवून पायातून टाचणी खोचायची. हलक्या बाहुलीला हा पुरतो.

मोजमाप कसे ठरवायचे?

आधी बाहुली, मग सेट. बाहुली १५ सेंटीमीटरची असेल आणि माणूस १८० सेंटीमीटरचा धरला तर प्रमाण एकास बारा येते. म्हणजे खऱ्या वस्तूचे माप घ्यायचे आणि १२ ने भागायचे. दोन मीटर दहा सेंटीमीटरचा दरवाजा साडेसतरा सेंटीमीटरचा होतो. ९० सेंटीमीटर उंचीची टपरीची फळी साडेसात सेंटीमीटरवर येते. ४५ सेंटीमीटर उंचीचे बाकडे पावणेचार सेंटीमीटरचे होते.

हाच हिशेब कटिंग चहाच्या ग्लासला लावला तर मात्र पंचाईत होते. नऊ सेंटीमीटरचा ग्लास पाऊण सेंटीमीटरचा होतो आणि बोटांनी धरताच येत नाही. अशा वेळी हातात घ्यायच्या वस्तू मुद्दाम दीडपट-दुप्पट मोठ्या कराव्यात. मातीच्या बाहुल्यांचे डोके आणि हात तसेही मोठेच असतात, त्यामुळे ते खटकत नाही. फळीची उंचीसुद्धा शेवटी बाहुलीच्या कोपराशी ताडून ठरवावी.

सेट किती रुंद हवा, याचे उत्तर कॅमेराच देतो. फोन आधी स्टँडवर लावावा, बाहुली तिच्या जागी ठेवावी आणि चौकटीच्या कडा जिथे येतात तिथे पायावर चिकटपट्टी लावावी. त्या पट्ट्यांच्या आत आणि बाजूला थोडेसे, एवढेच बांधायचे.

भिंती आणि वस्तू कशाच्या करायच्या?

भिंतींना पुठ्ठा किंवा सनबोर्ड वापरावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पुठ्ठा ओलावा धरतो आणि रात्रीतून वाकतो, म्हणून त्या दिवसांत सनबोर्डच घ्यावा. पुठ्ठ्याला एकाच बाजूने रंग दिला तरी तो वाकतो. मागच्या बाजूनेही हात मारावा. भिंत उभी राहण्यासाठी मागे त्रिकोणी आधार चिकटवून तो पायाला स्क्रूने पकडावा. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि तो हलका असल्याने हाताच्या धक्क्यानेही सरकतो. त्यामुळे त्याच्या नादी न लागलेले बरे.

रंग चकाकी नसलेला असावा. ऑइल पेंटची भिंत दिव्याचा उजेड परत फेकते आणि बाहुली हलवली की तो चमकता डाग सरकताना दिसतो. मातीची वस्तू थेट पुठ्ठ्यावर ठेवू नये. तेलाचा डाग उतरतो. मध्ये पारदर्शक टेपचा तुकडा लावावा.

टपरीच्या बाकी सामानासाठी घरात शोधाशोध पुरेशी आहे. आइस्क्रीमच्या काड्यांची फळी, बाटलीच्या झाकणाचे पातेले, पारदर्शक स्ट्रॉच्या तुकड्याचे ग्लास, नालीदार पुठ्ठ्याचे छप्पर आणि औषधाच्या छोट्या बाटल्यांच्या बरण्या. वाफेसाठी कापसाची विरळ लड पातळ तारेवर बसवावी आणि प्रत्येक छायाचित्राला थोडी वर, थोडी बाजूला करावी. ओतला जाणारा चहा तपकिरी मातीची बारीक वळी करून दाखवता येतो.

एक नियम कायम लक्षात ठेवावा. सेटवर जी वस्तू हलणार नाही ती चिकटवलेली असावी. पुन्हा काढायची असेल तर ग्लू गनऐवजी दुहेरी टेप किंवा मातीचाच छोटा तुकडा खाली लावावा.

उजेड का लुकलुकतो?

खिडकीतून येणारा उजेड हा या कामातला सर्वांत मोठा शत्रू. डोळ्यांना जाणवत नाही. पण तीन तासांत सूर्य सरकतो, ढग येतात-जातात आणि पडद्यावर प्रत्येक सेकंदाला उजेड बदलताना दिसतो. खिडकीला जाड, गडद चादर लावावी किंवा रात्री काम करावे.

आपल्या घरातील वीज ५० हर्ट्झची असते, म्हणजे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. कॅमेऱ्याचा शटर फार वेगवान असेल तर एखादे छायाचित्र उजळ, एखादे मंद येते. कॅमेरा अ‍ॅपमध्ये शटर हाताने ठरवता येत असेल तर तो सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा पंचविसाव्या भागावर ठेवावा. चांगल्या प्रतीचे एलईडी बल्ब वापरावेत आणि उजेड कमी-जास्त करणारे डिमर टाळावेत.

अभ्यासाचे दोन दिवे पुरतात. एक समोरून थोडा बाजूला आणि वर, त्याच्यापुढे एक फूट अंतरावर बटर पेपर. म्हणजे सावल्या मऊ होतात. दुसरा मागून, बाहुलीच्या खांद्यावर पडेल असा. ज्या बाजूला अंधार राहतो तिथे पांढरा चार्ट पेपर उभा केला की तिसऱ्या दिव्याची गरज उरत नाही. चित्रण करणाऱ्याने गडद रंगाचे कपडे घालावेत आणि प्रत्येक छायाचित्राच्या वेळी एकाच जागी उभे राहावे. पांढऱ्या शर्टवरून परतलेला उजेडही सेटवर पडतो.

फोन कसा लावायचा?

साधा स्मार्टफोन पुरेसा आहे. ट्रायपॉड असेल तर त्याचे पाय जमिनीला किंवा टेबलाला चिकटपट्टीने बांधावेत. फोकस, उजेड आणि रंगांचा समतोल हे तिन्ही लॉक करावेत. नाहीतर फोन प्रत्येक छायाचित्राला स्वतःचे मत बनवतो. पडद्याला बोट लावून छायाचित्र काढू नये. ब्लूटूथ रिमोट वापरावा किंवा तारेच्या इअरफोनचे आवाजाचे बटण बऱ्याच फोनमध्ये हेच काम करते. ब्लूटूथ रिमोट असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ सुरू ठेवावे. चार्जर सुरुवातीपासूनच जोडून त्याची वायर स्टँडला बांधावी. मध्येच फोन काढून चार्ज केला तर तो पुन्हा नेमक्या त्याच जागी बसत नाही.

‘स्टॉप मोशन स्टुडिओ’सारख्या अ‍ॅपमध्ये मागचे छायाचित्र फिकट स्वरूपात आताच्या दृश्यावर दिसते. बाहुली किती हलवली हे त्यावरून कळते. याला जोड म्हणून अभियांत्रिकीच्या कार्यशाळेतली एक जुनी युक्ती वापरता येते. कामाची खूण ठरवण्यासाठी तिथे सरफेस गेज असतो. त्याच धर्तीवर जड नटात तार उभी करून तिचे टोक बाहुलीच्या नाकाला टेकवावे, बाहुली हलवावी, नाक टोकापासून किती दूर गेले ते पाहावे आणि गेज चौकटीबाहेर काढून छायाचित्र घ्यावे.

उन्हाळा आणि मुलांची काळजी

तेलमिश्रित माती उष्णतेने मऊ होते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी काम केले तर बाहुली उभी राहणेच कठीण. पहाटे किंवा रात्री चित्रण करावे आणि मध्ये विश्रांती घेतली तर सुटे हात, तोंडे हवाबंद डब्यात घालून काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावीत. पंखा बंदच असावा. त्याच्या वाऱ्याने कापसाची वाफ उडते आणि हलक्या भिंती थरथरतात.

कटर, ड्रिल आणि ग्लू गनचे काम मोठ्यांनी करावे. छोटे शक्तिशाली चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्यांच्या आतून ते एकमेकांना खेचतात आणि गंभीर इजा होते. मातीसाठी वापरलेले लाटणे आणि सुरी पुन्हा स्वयंपाकात वापरू नये. त्याऐवजी पीव्हीसी पाइपचा तुकडा लाटण्यासारखा चालतो.

सामानाची यादी

विकत आणायचे : न वाळणारी माती, अ‍ॅल्युमिनियमची तार, एम-सील, प्लायवुड, दोन सी-क्लॅम्प, सनबोर्ड, दुहेरी टेप, पांढरे मणी, फोनचा ट्रायपॉड.

घरात शोधायचे : अभ्यासाचे दोन दिवे, बटर पेपर, चार्ट पेपर, जुना टूथब्रश, टूथपिक, दाभण, सुती दोरा, फॉइल, कापूस, बाटल्यांची झाकणे, गडद चादर.

पैसे कमी असतील तर आधी माती, तार आणि क्लॅम्प घ्यावेत. ट्रायपॉडऐवजी विटांच्या मध्ये फोन पक्का बसवूनही काम होते. क्लॅम्प नसलेल्या टेबलावर मात्र महाग कॅमेराही उपयोगाचा नाही.

सेट तयार झाला, हे कसे ओळखायचे?

त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. बाहुली सेटवर ठेवावी, दिवे लावावेत, सगळे लॉक करावे आणि कशालाही हात न लावता २४ छायाचित्रे काढावीत. प्रत्येक छायाचित्राआधी सेटभोवती नेहमीसारखी एक फेरी मारावी, हात बाहुलीपर्यंत नेऊन परत आणावा. मग ती दोन सेकंदांची फीत चालवून पाहावी.

पडद्यावर काहीच घडत नसेल, एखाद्या स्थिर छायाचित्रासारखे दृश्य दिसत असेल, तर सेट तयार आहे. उजेड लुकलुकला तर दिवे किंवा खिडकी तपासावी. सगळी चौकट एकदम उडाली तर फोनचा स्टँड सैल आहे. फक्त भिंत हलली तर तिचा आधार, आणि बाहुलीचा हात खाली आला तर आतली तार पाहावी. या चाचणीला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे लागतात. ती केली नाही तर हेच दोष तीन तासांनी, १२० छायाचित्रे काढून झाल्यावर कळतात आणि तेव्हा दुरुस्त करण्यासारखे काही उरलेले नसते. चहावाल्याने पातेल्यात पहिल्यांदा डाव फिरवायचा तो ही चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच.